रस्त्यांसाठी अर्धा टक्का विक्रीकर: हो की नाही ठरवण्याआधी खर्चाची यादी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही बारा वर्षं बे एरियात आहोत, यंदा नागरिकत्व मिळालं. आमच्या काउंटीत रस्त्यांसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा प्रस्ताव मतदानाला येणार, अशी चर्चा आहे. नवरा म्हणतो, कर आधीच नऊ टक्क्यांच्या वर गेलाय, आता बास. शेजारीण म्हणते, रस्त्यांची दशा बघ आणि हो म्हणून मोकळी हो. मी पहिल्यांदाच मत देणार आहे. नेमकं काय बघू?"

मी सव्वीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या बांधकाम खात्यांत रस्त्यांच्या देखभालीचं काम केलं, म्हणून आधी माझी बाजू सांगून टाकतो. असे कर मला सहसा पटतात. तरी दोनदा मी विरोधात मत दिलंय. दोन्ही वेळा कराच्या दराला माझी हरकत नव्हती. पैसा कुठे जाणार आहे ते वाचलं आणि मन मानेना.

माझं लहानपण पुण्यात गेलं. जकात नाक्यावर ट्रकची रांग लागलेली असायची आणि तो पैसा महापालिकेला जातो एवढंच आम्हाला ठाऊक. २०१३मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७मध्ये जीएसटी आला. आम्हाला कधी कोणी विचारलं नाही. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा मतपत्रिकेवर 'हा कर लावू का?' असा सरळ प्रश्न वाचला, तेव्हा बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो. हा अधिकार मोठा आहे. तुम्ही विचारायला थांबलात याचा आनंद वाटला.

आधी खिशाचा हिशेब करू. अर्धा टक्का म्हणजे एका डॉलरला अर्धा सेंट. कॅलिफोर्नियाचा मूळ दर ७.२५ टक्के, त्यावर काउंटी आणि शहरं मतदारांना विचारून आपापले थर चढवतात. दुकानातला किराणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आणि घरभाडं यांवर विक्रीकर लागत नाही. समजा तुमची वर्षाची करपात्र खरेदी ३०,००० डॉलरची आहे, तर वाढ १५० डॉलरची. ज्या वर्षी ४०,००० डॉलरची गाडी घ्याल त्या वर्षी आणखी २००. शेजारच्या काउंटीत जाऊन गाडी घेतली तर हा कर चुकतो असा अनेकांचा समज आहे. तसं होत नाही. गाडी ज्या पत्त्यावर नोंदवाल तिथला दर लागतो. ऑनलाइन मागवलेल्या मालाचंही तेच, जिथे पार्सल पोचतं तिथला स्थानिक कर.

मग रस्त्यांसाठी विक्रीकर कशाला, पेट्रोलवर कर आहेच की, हा तुमच्या यजमानांचा पुढचा प्रश्न असणार. तो योग्यच आहे. केंद्राचा पेट्रोलकर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३पासून तो तेवढाच आहे. तो किमतीच्या टक्क्यांत नसून गॅलनवर ठरलेला असल्यामुळे महागाईबरोबर वाढत नाही. डांबर, मजुरी, यंत्रांचं भाडं सगळं कितीतरी वाढलं, गाड्या एका गॅलनमध्ये लांब जायला लागल्या आणि विजेच्या गाड्या तर पंपावर येतच नाहीत. राज्याने २०१७मध्ये गॅलनमागे १२ सेंट वाढवले आणि विजेच्या गाड्यांवर वार्षिक शुल्क बसवलं. २०१८मध्ये ती वाढ रद्द करायचा प्रस्ताव आला, तो मतदारांनी फेटाळला. त्या पैशाने शहरांना श्वास घेता आला, पण तुमच्या घरासमोरच्या गल्लीपर्यंत पोचताना तो फार थोडा उरतो. ज्या काउंटी स्वतःचा वाहतूक-कर लावून घेतात त्यांना इथे 'सेल्फ-हेल्प काउंटी' म्हणतात. त्यांना एक ठोस फायदा होतो. राज्याचा किंवा केंद्राचा निधी बहुतेक वेळा 'तुमचा वाटा दाखवा' या अटीवर येतो, आणि वाटा हातात असलेली काउंटी रांगेत पुढे जाते.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. रस्त्याची तब्येत मोजायचा एक आकडा असतो, पीसीआय. शून्य ते शंभर. नवा कोरा रस्ता शंभर. सत्तरच्या वर असला तर चांगला, पन्नासच्या खाली आला की काळजी. हा आकडा काढायला माणूस रस्त्यावर चालतो. ठरलेला तुकडा खडूने आखून घेतो, भेगा मोजतो, त्यांची लांबी, रुंदी लिहितो, कुठे दबलंय, कुठे खडी सुटलीय ते बघतो. मी स्वतः कित्येक मैल असा चाललोय. सरळ एकेरी भेग असेल तर मला चिंता नसते, ती भरता येते. चाकांच्या माऱ्याच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसलं की समजायचं, खालचा थर गेला.

एका शहरात एकाच वर्षी, एकाच कंत्राटात केलेल्या दोन गल्ल्या माझ्याकडे होत्या. एका भिंतीपलीकडे दुसरी, तीच माती, तीच रहदारी. पहिलीवर आठव्या वर्षी स्लरी सील मारलं, म्हणजे डांबराच्या पातळ द्रावात बारीक खडी कालवून वरून पांघरूण घातलं. दुसरीची पाळी पुढच्या वर्षी होती. ते वर्ष होतं २००९. मंदीत बजेट कापलं गेलं आणि तिची पाळी आलीच नाही. काही हिवाळ्यांनी दुसऱ्या गल्लीतून आम्ही नळीसारखा नमुना कापून काढला. वरचं दोन इंच डांबर माझ्या हातात भुगा होऊन पडलं आणि खालची खडी चिखलाने माखलेली निघाली. बे एरियात ठिकठिकाणी खाली फुगणारी चिकणमाती आहे, आपल्या सोलापूरकडच्या काळ्या मातीसारखी. भेगेतून पाणी शिरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा रस्ता मोडत जातो. ती गल्ली मुळापासून खोदून करावी लागली. खर्च स्लरी सीलच्या कितीतरी पट. पहिली गल्ली तोवर शाबूत होती, तिला फक्त दुसरं पांघरूण लागलं.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण वाद कराच्या दरावर होतो आणि खरा पैसा या वेळापत्रकात वाचतो किंवा बुडतो. रस्ता सुरुवातीची वर्षं हळूहळू झिजतो आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने खाली येतो. तो टप्पा यायच्या आधी हात लावला तर थोडक्यात भागतं. लोक मला सभेत विचारायचे, "आमच्या गल्लीत खड्डे आहेत आणि तुम्ही त्या चांगल्या रस्त्यावर कसलं काळं फासताय?" त्यांचा राग मला समजायचा. पण सगळ्यात वाईट रस्ता आधी, असं धोरण ठेवलं तर सगळा पैसा मेलेल्या रस्त्यांवर जातो आणि तोवर चांगले रस्ते मरायला टेकतात.

म्हणून तुमच्या काउंटीच्या प्रस्तावात पहिली ओळ शोधा ती ही: असलेल्या रस्त्यांच्या दुरुस्तीला किती, नव्या मार्गिका आणि उड्डाणपुलांना किती. सभेत नव्या कामांचे रंगीत नकाशे लावतात. स्लरी सीलचा नकाशा कोणी लावत नाही.

सांता क्लारा काउंटीचं उदाहरण जवळचं आहे आणि शिकण्यासारखंही. तिथल्या मतदारांनी १९८४मध्ये अर्धा टक्का, फक्त दहा वर्षांसाठी मंजूर केला. कामं तीनच सांगितली होती: ८५ नंबरचा फ्रीवे बांधायचा, १०१ रुंद करायचा आणि २३७ सुधारायचा. १९९४मध्ये ८५ वाहतुकीला खुला झाला आणि १९९५मध्ये कर ठरल्याप्रमाणे बंद पडला. सांगितलं ते केलं, मुदत संपली, कर गेला. या शिस्तीबद्दल मला आजही आदर वाटतो.

आता त्याच ८५वर सकाळी आठला जाऊन बघा. क्युपर्टिनोच्या आसपास गाड्या एकमेकींना चिकटून सरकत असतात. २०१६मध्ये त्याच काउंटीने पुन्हा अर्धा टक्का मंजूर केला, तीस वर्षांसाठी, आणि त्यात ३५ कोटी डॉलर याच ८५च्या पट्ट्यातली कोंडी कमी करण्यासाठी राखून ठेवले. म्हणजे एका कराने रस्ता बांधला आणि दुसऱ्याने त्याच्यावरच्या गर्दीचा बंदोबस्त करायला घेतला. लॉस एंजेलिसमध्ये ४०५ फ्रीवे सेपुल्वेडा खिंडीत रुंद केला, शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, २०१४मध्ये काम संपलं आणि गर्दीच्या वेळचा प्रवास काही सुटसुटीत झाला नाही. मार्गिका वाढली की जे लोक वेळ बदलून, वाट बदलून किंवा घरी बसून भागवत होते ते परत येतात. फ्रीवे कधीच बांधू नये असं मी म्हणत नाही. कोंडी सुटेल असं वचन देऊन कर मागत असतील तर त्या वचनावर विसंबू नका, एवढंच.

२०१६ची यादी मात्र मला बरीच आवडली होती. एकूण ६.३ अब्ज डॉलरचा अंदाज. त्यातले १.२ अब्ज शहरांच्या स्थानिक रस्त्यांना, लोकसंख्येच्या प्रमाणात. ज्या शहराचा पीसीआय सत्तर किंवा वर आहे त्याला तो पैसा कोंडी कमी करणाऱ्या दुसऱ्या कामांवर वापरायची मुभा, बाकीच्यांनी आधी रस्ते दुरुस्त करायचे. ही अट ज्यांनी कोणी घातली त्यांना रस्ता कळतो. आणखी एक गोष्ट: बार्ट, म्हणजे बे एरियातली लोकल रेल्वे, बोगद्यातून सान होजेपर्यंत नेण्याच्या दुसऱ्या टप्प्याला १.५ अब्ज दिले, पण कराच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त त्यावर जाणार नाही अशी मर्यादा घातली. त्या वेळी हे किरकोळ कलम वाटलं असेल. पुढे त्या बोगद्याचा अंदाजित खर्च ४.७ अब्जांवरून १२ अब्जांच्या वर गेला. मर्यादा नसती तर गल्लीबोळांच्या वाट्यावर किती दबाव आला असता याचा विचार करा. तुमच्या प्रस्तावात एखादं अवाढव्य काम असेल तर त्याला अशी वेसण आहे का, ते नक्की बघा.

आता कायद्याची बाब. ती कंटाळवाणी वाटेल, पण फसगत बहुतेक इथेच होते. कॅलिफोर्नियात काउंटीने ठरावीक कामासाठी कर मागितला तर त्याला दोन तृतीयांश मतं लागतात. पैसा सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर निम्म्याहून एक जास्त पुरतं. सांता क्लारातच १९९२मध्ये वाहतुकीचा कर सुमारे ५४ टक्के मतांनी मंजूर झाला आणि १९९५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण तो विशेष कर होता आणि दोन तृतीयांश मतं नव्हती. मग १९९६मध्ये त्यांनी दोन वेगळे प्रस्ताव ठेवले. एकात कामांची यादी, पण निव्वळ सल्ला म्हणून. दुसऱ्यात सर्वसाधारण कर. दोन्ही साध्या बहुमताने पार पडले आणि कोर्टातही टिकले. तिथल्या लोकांनी यादीतली कामं केली, हे त्यांच्या पदरात घालायलाच हवं. पण कायद्याने ती यादी बांधील नव्हती. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी काउंटीच्या मंडळावर निवडून आलेल्या नव्या पर्यवेक्षकांनी पैसा वळवला तर त्या यादीच्या जोरावर मतदार त्यांना अडवू शकत नाही. शिवाय २०१७च्या एका निकालानंतर नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या प्रस्तावाला साधं बहुमत पुरतं, ही वाट खुली झालीय. तेव्हा तुमचा प्रस्ताव या तिन्हींपैकी कोणता, हे आधी तपासा. सर्वसाधारण कर असेल तर माहितीपत्रकातली सुंदर यादी म्हणजे इच्छा आहे, करार नव्हे.

मुदतीचंही तसंच. अलामेडा काउंटीत २०१२मध्ये वाहतुकीचा अर्धा टक्का वाढवून तो कायमचा ठेवायचा प्रस्ताव आला. ६६.५३ टक्के लोकांनी हो म्हटलं. लागत होते ६६.६७. एवढ्याशा फरकाने पडला. दोन वर्षांनी तोच कर २०४५ला संपेल अशा मुदतीसह पुन्हा मांडला आणि सत्तर टक्क्यांच्या वर मतं मिळाली. त्याला इतरही कारणं असतील, पण माझा अनुभव सांगतो की ज्या कराला शेवटची तारीख असते त्याची यादी लिहिणारे जास्त जबाबदारीने लिहितात. त्यांना पुन्हा दारात यायचं असतं.

यादीत सगळ्यांना थोडं थोडं वाटलं की मतं मिळतील, असाही एक मोह असतो. जॉर्जियात ३१ जुलै २०१२ला अटलांटाच्या दहा काउंट्यांनी मिळून एक टक्का, दहा वर्षं, १५७ कामं असा प्रस्ताव ठेवला. कर नको म्हणणारे टी पार्टीवाले आणि रस्तेच फार आहेत म्हणणारी सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था, दोघेही विरोधात उभे राहिले. ६३ टक्के लोकांनी नाही म्हटलं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. थर चढत जातात हे खरंच आहे. सांता क्लाराने २०२५च्या नोव्हेंबरात आरोग्यसेवेसाठी पाच-अष्टमांश टक्का पाच वर्षांसाठी मंजूर केला. त्याच खिशाकडे इस्पितळ, शाळा, बस आणि रस्ता सगळेच बघतात. आणि विक्रीकर गरिबाला जास्त टोचतो. एका वाचनालयात सभा होती. मी तक्ते दाखवून खाली बसलो तेव्हा सत्तरीच्या पुढच्या एक बाई उठल्या. त्यांनी पर्समधून बिलांची चळत काढली: वॉशिंग मशीन, नातवाचे बूट, भिंतीचा रंग. म्हणाल्या, "गाडी विकून मला चार वर्षं झाली. मी बसने येते. तुमचा रस्ता झिजवणारा मालवाहू ट्रक या बिलांत कुठे आहे?" मी म्हटलं की बसलाही तोच रस्ता लागतो. ते खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. रस्ता मुख्यतः जड ट्रक झिजवतात आणि विक्रीकर वापर बघत नाही. जास्त न्याय्य मार्ग म्हणजे मैलागणिक शुल्क. ऑरेगॉनने २०१५मध्ये ऐच्छिक स्वरूपात ते सुरू केलं, कॅलिफोर्नियानेही प्रयोग केले, पण ते घराघरात यायला वेळ आहे. तोवर पाणी भेगांतून खाली जायचं थांबत नाही. म्हणून मी अशा कराला हो म्हणतो, आणि यादीत बससेवेला, पदपथांना, ज्येष्ठांच्या प्रवासाला वाटा आहे का, ते त्या बाईंच्या वतीने बघतो.

दोन कलमं शेवटच्या पानांवर लपलेली असतात. एक, शहराने स्वतःच्या तिजोरीतून आजवर रस्त्यांवर जेवढं खर्च केलं तेवढं पुढेही करत राहावं, ही अट. ती नसेल तर नवा पैसा समोरच्या दाराने येतो आणि जुना मागच्या दाराने दुसरीकडे जातो, रस्ता तिथेच राहतो. दुसरं, नागरिकांच्या देखरेख समितीबद्दलचं. जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात ही समिती असते. तिचं काम बहुतेकदा हिशेब तपासून अहवाल देणं एवढंच असतं, खर्च थांबवायचा अधिकार तिला नसतो. खरा प्रश्न आहे यादी बदलायला कोणाची किती मतं लागतात. मंडळाच्या साध्या बहुमताने बदलता येत असेल तर माझा हात हो म्हणताना अडखळतो. आणि मंजूर झालं की लगेच रोलर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सांता क्लाराचा २०१६चा कर एप्रिल २०१७पासून गोळा होऊ लागला, पण कोर्टातल्या दाव्यामुळे तो पैसा २०१९ उजाडेपर्यंत अडकून पडला होता.

तर क्रमाने असं करा. मतपत्रिकेबरोबर काउंटीची पुस्तिका येते. बाजूचे आणि विरोधातले युक्तिवाद नंतर वाचा, ते दोन्हीकडून चढ्या आवाजात लिहिलेले असतात. आधी प्रस्तावाचा पूर्ण मजकूर उघडा आणि पेन्सिलीने चार गोष्टींवर खूण करा: दुरुस्तीचा वाटा, कराचा प्रकार, शेवटची तारीख, यादी बदलायची पद्धत. मग तुमच्या शहराचा पीसीआय बघा, बे एरियातल्या शहरांचे आकडे महानगर वाहतूक आयोग प्रसिद्ध करतो. एका संध्याकाळी दोघं मिळून तुमच्या गल्लीतून चालून या आणि चाकांच्या पट्ट्यात जाळं दिसतंय का ते बघा. साठ-सत्तरच्या मधला आकडा आणि एकेरी भेगा असतील तर अजून थोडक्यात भागण्यासारखं आहे. अशा वेळी दुरुस्तीला भरीव वाटा देणाऱ्या, मुदतबंद प्रस्तावाला मी विनासंकोच हो म्हणेन. दुरुस्तीला चिमूटभर आणि बाकी सगळं नव्या मार्गिकांना असेल, तर नाही म्हणायलाही कचरू नका. अलामेडासारखा सुधारलेला प्रस्ताव दोन वर्षांनी परत येऊ शकतो.

पुस्तिका हातात आली आणि एखादं कलम अडलं, तर त्या कलमाचा मजकूर इथे लिहा. मी वाचून सांगेन.